पोत्याच्या तोंडावरचा धान

खोली दाखवायच्या आधी घरमालक एकच प्रश्न विचारायचे. कुठला, कोणाचा, काय काम करतो, यातलं काही नाही. मलाही त्यांनी अंगणात उभं ठेवून तोच विचारला.

"बाबू, तू रागीट का शांत?"

"शांत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिच्या कडेवर सात महिन्यांची मुलगी होती. बायको मुलीचं टोपडं नीट करू लागली. "हं," ते म्हणाले आणि किल्ली दिली.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा मध्य प्रदेशात. मी एका राइस मिलमध्ये काट्यावर कारकून होतो. पोती मोजायची, वजन लिहायचं. छटाकभर फरक आला तरी मी सगळी बेरीज पुन्हा करायचो. खोलीपासून मिलचा काटा सातशे वीस पावलांवर होता, हे मी पहिल्याच आठवड्यात मोजलं. असा माणूस स्वतःबद्दल चुकेल, असं मला वाटलं नव्हतं.

आमचे घरमालक एकटेच होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. धानाच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं पारख केली होती. शेतकऱ्याची गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची, धान तळहातावर घ्यायचा, चोळायचा, फुंकायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, सुका की ओला, बारीक की ठोकळ. ती परखी, म्हणजे दीड वीत लांब, टोकदार, पोकळ लोखंडी नळी, काम सोडल्यावरही त्यांच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, खिळ्याला टांगलेली होती. खांबाला पाठ लावून ते तिच्याखाली बसत.

तीस वर्षांच्या सवयी अंगात मुरल्या होत्या. हातात येईल ते ते चोळून फुंकायचे. कढीलिंबाची पानं, विडीची तंबाखू, एकदा तर माझं पोस्टातून आलेलं कार्ड. दाताखाली कायम एक धानाचा दाणा असे. अंगणात शिरताच चपला काढून हातात घेत, कारण जमिनीची ओल तळपायाला आधी कळते म्हणत. पावसाळ्यात सगळे छपरावरच्या कवेलूंकडे पाहत तेव्हा हे पायांकडे पाहत, आणि कुठलं कवेलू गळतं ते बरोबर सांगत.

भाडेकरू आम्ही चार. विहिरीवर बादली एक. सकाळी साडेसहा ते साडेसात या एका तासात चारही घरांचं पाणी व्हायचं, त्यामुळे थांबावं लागे. मी दोनदा त्यांना सांगितलं, "काकाजी, एक बादली आणखी ठेवा." ते "पाहू" म्हणायचे. त्यांच्या कोठीत दोन चांगल्या बादल्या पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. कोण कसं थांबतं, ते त्यांना सपरीतून पाहायचं होतं.

शेजारच्या खोलीत मालधक्क्यावरचा एक हमाल राहायचा. त्याने त्या प्रश्नाला "रागीट" असं उत्तर दिलं होतं आणि मालकांनी त्याला सगळ्यात हवेशीर खोली दिली होती. मला हे उलटं वाटलं. मी विचारलं.

"त्याले राग येते म्हने. कधी आला होता, इचारलं. तर म्हनते, बारा वर्सांआधी बैलाले पुरानी टोचली, रगत निघालं. बारा वर्सांत एकडाव!" ते हसले. "आता तूच पाय. कोनी त्याचा नंबर घेतला तर का म्हनते?"

तो "घ्या जी" म्हणायचा. हे मी रोज पाहत होतो.

"मग तो स्वतःला रागीट का म्हणतो?"

"धान इकनाऱ्याले कधी इचारू नये, का धान कसा आहे. तो पोत्याच्या तोंडावरचा दाखवते."

"म्हणजे फसवतो?"

"नाई जी. फसवनारे थोडे. तोंडावर जो धान येते तोच तो रोज पाहते. पाहून पाहून त्याले वाटते, पोतंभर असाच आहे. ह्या हमालाच्या तोंडावर तो बैल आहे. मंधातलं कोन पाहते? मंधातलं पाहाले परखी लागते, अन् परखी सोताच्या पोत्यात सोताले खुपसता येत नाई."

मी मान डोलावली. ते दुसऱ्याबद्दल आहे, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी माझी बायको केशोरीला माहेरी गेली. भात गिजगिजीत झाला होता, मी ताट सरकवलं, एवढंच. निदान मला एवढंच आठवत होतं. ती म्हणाली, "सरकवलं नाही, फेकलं." मुलगी दचकून उठली होती. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ योगायोगाने गोंदियाला आला, तो तिला घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "मी काही रुसून चालले नाही. मला तुमची भीती वाटते, म्हणून चालले." मला ते फार लागलं. मी हात उगारणारा माणूस नव्हतो. मिलमध्ये लोक मला सज्जन म्हणत. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याचं उत्तर सासऱ्यांकडून आलं, दोन ओळींचं, की पोरगी सध्या इथेच राहील, पुढचं पुढे पाहू. आमच्याकडे "पुढचं पुढे पाहू" हे सासऱ्याने लिहिलं म्हणजे काय, ते सांगायला नको.

मी विहिरीवर माझं एकट्याचं ताट घासत होतो. मालक आले, ताट हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"हे का झालं?"

"सरकवलं होतं."

"सरकवल्यानं पितळेले पोचा पडत नाई, बाबू."

ते एवढंच म्हणाले. मला संताप आला. पण मी तो गिळला, आणि गिळला याचा मला अभिमान वाटला. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की हा मुद्दा अंदाजाने नाही, मोजून निकाली काढायचा. भिंतीवर एका व्यापाऱ्याने दिलेलं कॅलेंडर होतं. ज्या दिवशी राग बाहेर पडेल त्या तारखेवर फुली. ज्या दिवशी आला पण मी आवरला, त्या तारखेवर गोल. सात आठवडे मोजायचं आणि आकडे त्यांच्यासमोर ठेवायचे. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "मोज."

एकोणपन्नास दिवस झाले. फुल्या चार, गोल अकरा. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून सपरीत घेऊन गेलो.

"चारच," मी म्हणालो. "आणि अकरा वेळा आवरला. आता सांगा."

त्यांनी कॅलेंडर पाहिलं नाही. मला हाताला धरून विहिरीपाशी नेलं. रहाटाच्या आतल्या खांबावर, जिथे कोणाची नजर जात नाही, कोळशाच्या रेघा होत्या. सात आठवडे, प्रत्येक आठवड्याची वेगळी ओळ.

"मोज."

सतरा होत्या.

मी म्हणालो, हे शक्य नाही. मग एकेक रेघ घेऊन बसलो. ते सांगत गेले, मी तारखा लावत गेलो. दूधवाल्याला बोललो ती एक. पण त्याने पाणी घातलं होतं! बादलीचा दोर ओला ठेवला म्हणून हमालाच्या बायकोला बोललो ती एक. पण दोर कुजतो! मिलमधून येताना फाटक आपटलं त्या तीन. पण ते फाटक आपटल्याशिवाय लागतच नव्हतं! तेरा रेघा मी अशा खोडून काढल्या. प्रत्येक वेळी माझं म्हणणं एकच, तो राग नव्हता, ते बरोबर होतं.

"बरोबर होतं न," ते शांतपणे म्हणाले. "मी कोठं चूक म्हनतो? मी ओरडल्या-आपटल्याची रेघ मारली, चुकल्याची नाई. रागीट मानसाचा राग त्याले कधी राग वाटतच नाई, बाबू. त्याले वाटते, आपून बरोबर बोलून राहिलो."

मला शेवटचा आधार आठवला. "आणि अकरा गोल? अकरा वेळा गिळला त्याचं काय?"

"गिळतानी तरास होते, म्हनून तो ध्यानात राहते. निघून जाते तो हलका होते, त्याले कोन मोजते? तुले अकरा डाव गिळलेलाच आठवते, म्हनून तू शांत." त्यांनी दाताखालचा दाणा फोडला. "अन् एक सांगू? तो हमाल आहे न, त्याच्या कागदावर गोल निघालाच नसता. शांत मानसाले गोल काढाच लागत नाई."

सतरा अधिक अकरा, अठ्ठावीस. एकोणपन्नास दिवसांत अठ्ठावीस वेळा. ही बेरीज मी पुन्हा केली नाही. एकदाच पुरली.

त्यानंतर दोन दिवसांनी तेच म्हणाले, "चाल, केशोरीले जाऊ." आमच्याकडे बायको अशी निघून गेली असेल तर नवऱ्याने एकट्याने आणायला जायचं नसतं, घरचा वडीलधारा लागतो. माझे वडील नव्हते, काका नागपूरला, ते यायला तयार नव्हते. मी म्हणालो, "काकाजी, तुमचा काय संबंध?" ते म्हणाले, "काईच नाई. मी कोरडा मानूस. मले कोनाचं काई नाई. पन तिकडचा धान पाहून लय दिवस झाले." लहान रुळांच्या आगगाडीने अर्जुनीपर्यंत, तिथून बैलगाडी. पौषाची थंडी होती. त्यांनी रस्ताभर चपला मांडीवर ठेवल्या होत्या.

केशोरीला अंगणात बाज टाकली होती. सासरे बसले, मेव्हणा बाजूला उभा. बायको आत, दाराआड. तिच्या बांगड्या अधूनमधून वाजत, म्हणून ती आहे एवढं कळत होतं. ती आज आली नाही तर परत कधीच येणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मला वाटलं होतं, मालक माझी बाजू मांडतील. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पोरगा रागीट आहे. मी परखी टाकून पाहिली."

सासरे चपापले. "मंग कायले आले तुमी?"

"ओला धान आनला म्हनून कोनी जाळत नाई. ओला आहे म्हनून सांगाव लागते, एवढंच. आता त्याले सोताले माहीत झालं. आधी नव्हतं."

"तुमी हमी घेता?"

"नाई. ओल्या धानाची हमी कोनी घेत नाई. ऊन दाखवाव लागते. रोज."

सासरे माझ्याकडे वळले. "जवाईबापू, तुमीच सांगा. तुमी कसे आहा?"

गोंदियाहून निघताना मी मनात एक छान वाक्य तयार केलं होतं. समजूतदारपणा, संसार, लेकराचं भलं, सगळं त्यात होतं. ते मला आठवेना. मी खिशातून घडी केलेलं कॅलेंडर काढलं.

"मी रागीट आहे," मी म्हणालो. "एकोणपन्नास दिवसांत सतरा वेळा. मी चारच लिहिले होते, ते चूक. आणि ताट सरकवलं नव्हतं. फेकलं होतं."

मेव्हणा फिसकन हसला. "बापा! भाऊजी रागाचीबी वही लिहितेत!"

"तू मधे बोलू नको!" मी ताडकन उठलो. "मोठी माणसं बोलत असताना —"

दारामागच्या बांगड्या थांबल्या. मालक माझ्याकडे पाहत नव्हते. ते तळहातावर धान चोळत होते. मी उभाच होतो, हात वर तसाच. मला वाटलं, झालं, संपलं. मग मी खाली बसलो.

"अठरा," मी म्हणालो.

दाराआडून हसण्याचा आवाज आला. निदान मी तसं धरतो. बायकोचं आजही म्हणणं आहे की ती हसली नाही, तिला ठसका लागला होता. पण ती बाहेर आली, मुलगी कडेवर घेऊन, आणि माझ्या हातातलं कॅलेंडर घेतलं.

"फुली मी मारीन," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

एवढीच तिची अट. मी मान्य केली. सासऱ्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. लाखोळीची डाळ आणि भात. भात गिजगिजीत होता. मालकांनी माझ्या पानाकडे पाहिलं, मी दोनदा वाढून घेतला.

परतीच्या गाडीत बायको त्यांना "मामाजी" म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला असं म्हणते. ते खिडकीबाहेर पाहू लागले. ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही आले नसते तर कोणी आलं असतं आमच्यासाठी? फार मायाळू आहा तुम्ही."

"अवो, कोठची माया? मी कोरडा मानूस." मग गाडीचे दोन थांबे गेल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचा सख्खा भाऊ गोरेगावकडे शेती करायचा. एका वर्षी अवकाळी झाली, भाऊ गाडी घेऊन बाजारात आला. यांनी परखी टाकली. वरचा धान सुका, मधला ओला. बाजारासमोर यांनी "ओला" म्हणून सांगितलं. भावाने गाडी वळवली. त्याला नऊ वर्षं झाली. त्या दिवसापासून भाऊ दारात आला नाही.

"ज्याले सख्ख्या भावासाठी एक दाना खोटा बोलता आला नाई, त्याच्यात का माया असन?"

तो हमाल आणि त्याचा बैल मला आठवला. हे त्यांचं पोत्याचं तोंड होतं. पण इतरांच्या पोत्यातलं इतकं नेमकं पाहणारा माणूस स्वतःच्या पोत्यापुढे असा ठार आंधळा असेल, हे मला तेव्हा तरी पटलं नाही. मला वाटलं, दाखवलं तर त्यांना दिसेल.

बायकोला ते माझ्याआधी सुचलं. नवं कॅलेंडर माझ्या फुल्यांसाठी लावलं होतं. जुनं तिने चुलीत घातलं नाही. ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर तिने रेघा आखल्या, आणि रोज एक-दोन कुंकवाची बोटं उमटवू लागली. कशाची, ते मला तिने पंधरा दिवसांनी सांगितलं. मुलीच्या तापात त्यांनी सकाळीच वैद्याला बोलावून आणलं, एक बोट. हमालाचा पाय मुरगळला तेव्हा त्याचं पाणी चार दिवस भरून दिलं, चार बोटं. मांजरीची पिल्लं कोठीत होती म्हणून स्वतः सपरीत झोपले, त्याची सहा. कोठीतल्या त्या दोन बादल्या त्यांनी गुपचूप बाहेर आणून ठेवल्या, त्याचंही एक. होळीपर्यंत मी मोजली तेव्हा त्रेसष्ट झाली होती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. कोणाचा, ते सांगितलं नाही. "काकाजी, हे एका माणसाचं आहे. माझ्या फुल्यांसारखंच, पण दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याचं. दोन महिन्यांचं. पारख करा."

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. अंगठ्याने कुंकू चोळून पाहिलं, फुंकलं, सवयीने. ओळ न् ओळ पाहिली.

"एवढे? दोन महिन्यांत?" ते म्हणाले. "मंग मायेचा मानूस आहे हा. पोतंभर एकसारखा आहे. खोली पाहिजे का त्याले? देऊन टाकू, इचाराचं कामच नाई."

"तुम्ही आहा, मामाजी," बायको दारातून म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग कागदाकडे. मला वाटलं, आता हसतील, किंवा डोळे पुसतील. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"पोतं बदललं कोनी तरी," ते म्हणाले. "हा माहा धान नाई."

आणि चपला हातात घेऊन अंगणात गेले.

मी पटवून पाहिलं. तारखा सांगितल्या, कामं सांगितली, जशी त्यांनी मला विहिरीवर एकेक रेघ सांगितली होती. त्यांनी प्रत्येक बोट खोडून काढलं. वैद्य? तो तसाही त्याच रस्त्याने येत होता. पाणी? हात आखडतात म्हणून भरलं. बादल्या? तुम्ही कुरकुर करत होता. पिल्लं? कोठीत उकडतं. केशोरी? तिकडचा धान पाहायचा होता.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझं कॅलेंडर अजून भिंतीवर असतं आणि फुली बायकोच मारते. गेल्या महिन्यात पाच. मला विचाराल तर तीन. पण मला विचारायचं नाही, असं ठरलेलं आहे.

ती सकाळ मात्र डोळ्यांसमोर आहे. कागदाची घडी परत दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलो तर आमच्या दारापाशी खुडबुड ऐकू आली. ते उकिडवे बसून दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते, मुलगी त्या आवाजाने दचकून उठायची म्हणून. बायको आत वळली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्यांनी ते पाहिलं.

"हे मोजू नको वो," ते वैतागून म्हणाले. "बिजागरी वाजून राहिली होती, म्हनून केलं."

तिने त्यांच्यासमोर बोट बुडवलं आणि चौसष्टावं उमटवलं.